वाया कोण गेले?

लक्ष्मीकांत बेर्डे यांचे १६ डिसेंबर २००४ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांनी नुकतीच पन्नाशी गाठली होती. त्या घटनेला आता दोन दशके उलटून गेली. डिसेंबर उजाडला की वृत्तपत्रांतून आणि मंडळांच्या सभांतून त्यांची आठवण काढली जाते, आणि ती काढताना दोन वाक्ये ठरल्याप्रमाणे उच्चारली जातात. पहिले वाक्य असे की, आयुष्यभर हसवणारा हा माणूस जाताना रडवून गेला. हे वाक्य वापरून वापरून गुळगुळीत झाले असले तरी निरुपद्रवी आहे. शोकाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हा माणसे तयार शब्द उचलतात. त्याबद्दल कोणाशी भांडण नको. भांडण आहे ते दुसऱ्या वाक्याशी. ते असे: नट मोठ्या ताकदीचा होता, पण विनोदात वाया गेला, ‘एक होता विदूषक’ सोडला तर त्याच्यातल्या खऱ्या अभिनेत्याचे दर्शन कधी घडलेच नाही.

हे दुसरे वाक्य पिटातला प्रेक्षक बोलत नाही. ते बोलतो तो पुस्तके वाचणारा, संगीत नाटकांच्या आठवणी सांगणारा, अभिरुचीचा अभिमान बाळगणारा मराठी माणूस. बृहन्महाराष्ट्रातील जुन्या घराण्यांत तर ते फार गांभीर्याने बोलले जाते. वरकरणी ती स्तुती आहे. पोटात मात्र एक निवाडा दडलेला आहे. तो निवाडा असा की, विनोद ही अभिनयाची खालची पायरी होय, गंभीर भूमिका ही वरची. खालच्या पायरीवर आयुष्य काढणाऱ्याला एकदाच वर येण्याची संधी मिळाली, आणि म्हणून त्याला आपण अभिनेता म्हणायला तयार आहोत. डोळ्यांत पाणी आले की नट, आणि हसवत असताना केवळ करमणूक करणारा! हा निवाडा परंपरेला धरून नाही, न्याय्य नाही, आणि आपल्यासारख्यांच्या बाबतीत तर तो कृतघ्नपणाचाही आहे. या तिन्ही गोष्टी क्रमाने पाहू.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी आधी परंपरा पाहावी. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत आणि हास्य हा त्यांतला एक आहे. तो करुणाचा सेवक म्हणून आलेला नाही, त्याच्या शेजारी बसला आहे. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे हास्याचे सहा प्रकार भरताने वेगळे काढले आणि त्यांची उत्तम, मध्यम, अधम अशी प्रतवारीही लावली. पण ती प्रतवारी हसणाऱ्या पात्राच्या प्रकृतीची आहे, ते हास्य निर्माण करणाऱ्या नटाच्या योग्यतेची नव्हे. ज्या शास्त्राने हसण्याच्या सहा परी निरखल्या, त्याने विनोदाला हलके मानले असे कोण म्हणेल? ‘मृच्छकटिका’तला मैत्रेय हा चारुदत्ताचा विदूषक मित्र. नवव्या अंकात, भर न्यायसभेत, शकाराशी झालेल्या झटापटीत त्याच्या काखेतले दागिने खाली पडतात आणि निरपराध चारुदत्तावरचा आरोप पक्का होतो. नाटकाचे सारे कारुण्य तेथे एका विदूषकाच्या धांदलीवर उभे आहे. ती धांदल खरी वाटली नाही तर पुढचा करुण रस कोणत्याही नायकाला सावरता येणार नाही.

हे संस्कृत नाटकाचे झाले. मराठी रंगभूमीचेच पाहावे. ज्या गणपतराव बोडसांनी देवलांच्या ‘संशयकल्लोळा’तला फाल्गुनराव रंगवला, त्यांनीच गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकरही उभा केला. या दोन्ही भूमिकांसाठी बोडसांचे नाव आजही सारख्याच आदराने घेतले जाते. फाल्गुनरावात बोडस वाया गेले आणि सुधाकरात सापडले, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. ‘एकच प्याला’ १९१९ साली पहिल्यांदा रंगभूमीवर आले ते बडोद्यात, म्हणजे बृहन्महाराष्ट्राच्याच अंगणात. त्या शोकांतिकेतही गडकऱ्यांनी तळीराम ठेवला आहे. तळीरामाला हसता हसता प्रेक्षक व्यसनाच्या अड्ड्यात सुधाकराबरोबर जाऊन बसतो, आणि मग त्याला उठता येत नाही. विनोद आणि करुण यांचे नाते इतके सख्खे असताना त्यांत वडील-धाकटेपणा कोणी लावला?

आपल्या साहित्यव्यवहाराने विनोदी लेखकाला मान दिला हे खरे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, ‘बाळकराम’ गडकरी, चिं. वि. जोशी, पु. ल. देशपांडे ही परंपरा आपण पाठ म्हणून दाखवतो. पण हा मान छापील विनोदाला आहे. तोच विनोद नटाच्या अंगावर चढला, त्याला हातपाय फुटले, तो घामाघूम झाला, की आपली अभिरुची बिचकते. बडोद्यात पालीचे अध्यापन करणाऱ्या चिं. विं.चा चिमणराव आपल्या वाचनालयांच्या पहिल्या कपाटात असतो. त्या चिमणरावाला ‘लग्न पहावं करून’ (१९४०) या चित्रपटात देह आणि आवाज देणारे दामुअण्णा मालवणकर मात्र आपल्या किती सभांतून चर्चेचा विषय झाले? लेखकाचे ते साहित्य आणि नटाचे ते चाळे, असा हा दुटप्पी हिशेब आहे. बेर्डे यांच्याविषयीचे ते वाक्य याच हिशेबातून आले आहे.

आता त्या ‘चाळ्यां’कडेच नीट पाहू. गिरगावात वाढलेला हा मुलगा ज्या संस्थेत नोकरीला लागला, तिचे नाव मुंबई मराठी साहित्य संघ. म्हणजे ज्याला साहित्याच्या ओसरीबाहेरचा समजले गेले, त्याची सुरुवात साहित्याच्या घरातच झाली होती. लहानमोठी कामे करीत असता १९८३ च्या सुमारास पुरुषोत्तम बेर्डे यांचे ‘टूरटूर’ आले आणि लक्ष्मीकांत हे नाव सर्वतोमुखी झाले. पुढे ‘शांतेचं कार्टं चालू आहे’, ‘बिघडले स्वर्गाचे दार’ यांसारखी नाटके त्यांनी गाजवली. महेश कोठारे यांच्या ‘धुमधडाका’ने (१९८५) त्यांना चित्रपटात नाव मिळवून दिले आणि ‘दे दणादण’, ‘थरथराट’ या चित्रपटांनी ‘लक्ष्या’ घराघरांत नेला. रंगमंचावर रोज रात्री हशा वसूल करण्याची सवय अंगात मुरलेली नसती, तर कॅमेऱ्यापुढे तो वेग साधला नसता. चित्रीकरणाच्या वेळी समोर प्रेक्षक नसतो. हशा किती वेळ टिकेल आणि पुढचे वाक्य कधी टाकायचे, हा ताळा नटाला मनातल्या मनात करावा लागतो. तो अर्ध्या क्षणाने चुकला तर विनोद मरतो. गंभीर प्रसंगात अर्धा क्षण जास्त थांबलेल्या नटाला आपण ‘अंतर्मुख’ म्हणून सावरून घेतो. विनोदी नटाला ही सवलत नाही.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) घ्या. भाड्याच्या खोलीसाठी दोन पुरुषांनी बायकांचे सोंग घ्यायचे, ही कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटावरून आलेली. मूळ चित्रपट आज थोड्यांनाच आठवतो. मराठी चित्रपटातील संवाद मात्र तिसऱ्या पिढीच्या तोंडी आहेत. साडी नेसलेला पुरुष पाहून येणारे हसू पहिल्या मिनिटापुरते असते. त्यापुढे तास दीड तास ते टिकवायचे तर नटाला दुसरे काही करावे लागते. बालगंधर्वांची कला अशी की समोर पुरुष आहे हे प्रेक्षकाने विसरावे. बेर्डे यांच्या पार्वतीची कला याच्या नेमकी उलट आहे. तिच्यातला परशा प्रेक्षकाने एक क्षणही विसरता कामा नये आणि घरमालकिणीला मात्र तो एक क्षणही दिसता कामा नये. लाजायचे आहे ते पार्वतीला, पण धास्तावला आहे तो परशा. ही दोन्ही माणसे एकाच चेहऱ्यावर, एकाच वेळी दिसत राहतात. हे ज्याला अभिनय वाटत नाही, त्याने अभिनयाची व्याख्या एकदा सांगावी.

‘झपाटलेला’तही (१९९३) तेच. बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या एका भाबड्या तरुणाच्या बाहुल्यात तात्या विंचूचा आत्मा शिरतो, आणि या तरुणाच्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला आणि दिलीप प्रभावळकर यांचा आवाज यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु बाहुला जिवंत आहे असे प्रेक्षकाला वाटते ते समोरच्या माणसाच्या डोळ्यांतली भीती पाहून. लाकडाशी बोलणारा नट स्वतः क्षणभर जरी मनात हसला असता, तरी तो सारा खेळ पोरकट ठरला असता. बेर्डे हसले नाहीत, म्हणून पोरे घाबरली आणि हसलीही.

मग ‘एक होता विदूषक’चे काय? १९९२ सालचा जब्बार पटेल यांचा हा चित्रपट श्रेष्ठ आहे, आणि बेर्डे यांचे काम त्यात श्रेष्ठ आहे, याविषयी दुमत नाही. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला तो योग्यच होता. पण जे या चित्रपटाचे नाव घेऊन बाकीच्या ‘लक्ष्या’ला मोडीत काढतात, त्यांनी तो नीट पाहिला आहे काय, अशी शंका येते. त्यातला आबूराव हा तमाशातल्या कलावतीचा मुलगा. तो सोंगाड्या म्हणून नाव काढतो, मग चित्रपटाच्या झगमगाटात आणि राजकारणाच्या सावलीत जातो, आणि ज्या हसवण्यावर तो मोठा झाला तेच त्याच्या हातून निसटत जाते. हा चित्रपट विदूषकाने विनोद सोडून मोठे व्हावे असे सांगत नाही. विदूषकाने विनोद गमावला की तो सर्वस्व गमावतो, असे सांगतो. विनोदात नट वाया जातो याचा पुरावा म्हणून नेमका हाच चित्रपट पुढे करावा, यासारखा विपर्यास दुसरा नाही. शिवाय आबूरावाचा सोंगाड्या खरा वाटला नसता तर त्याची पडझड आपल्याला कशाला लागली असती? तो खरा वाटला, कारण तो करणाऱ्याने रोजच्या रोज लोकांना हसवण्यात उमेदीची वर्षे घातली होती. त्या वर्षांना वाया गेलेली म्हणायचे आणि त्यांच्या फळाचे कौतुक करायचे, ही गंमतच आहे.

आणखी एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. हा चित्रपट राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशावर उभा राहिला आणि तिकीट खिडकीवर पडला. ‘असे चित्रपट त्याने आणखी करायला हवे होते’ असे आज म्हणणारा रसिकवर्ग १९९२ साली कोठे होता? विनोदी चित्रपटांना गर्दी करणाऱ्यांनी नटाचे घर चालवले. अभिरुचीवाल्यांनी त्याला उपदेश केला. नटाने कोणाचे ऐकायला हवे होते, हे निराळे सांगायला नको.

याला एक आक्षेप येईल, आणि तो बिनतोड वाटेल असा आहे. बेर्डे यांचे पुष्कळ चित्रपट सुमार होते, तीच ती वेंधळी धावपळ आणि तोच तो आरडाओरडा त्यांत होता, हे नाकारता येईल का? नाकारू नये. नव्वदच्या दशकात मराठी विनोदी चित्रपटांची जी घाऊक निपज झाली, तिच्यातले बरेचसे आज पाहवत नाही. पण आक्षेप घेणाऱ्याने एक पाऊल पुढे जाऊन विचारावे, की या नटाचे जे काम टिकले ते का टिकले? ‘बनवाबनवी’चे संवाद वसंत सबनीसांचे होते, ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारे, लोकनाट्याची नस ओळखणारे सबनीस. ‘एक होता विदूषक’ लिहिला पु. ल. देशपांडे यांनी, ‘गुळाचा गणपती’ (१९५३) नंतर जवळजवळ चार दशकांनी पुन्हा चित्रपटाकडे वळून. म्हणजे या नटाच्या चित्रपट-कारकिर्दीतली दोन सर्वांत उंच शिखरे साहित्यिकांच्या लेखणीतून उभी राहिली. जेव्हा मराठी साहित्याने त्याला शब्द दिले तेव्हा त्याने त्यांचे सोने केले. बाकीच्या वेळी कमअस्सल शब्दांवर त्याने स्वतःच्या अंगाची कल्हई चढवली.

तेव्हा प्रश्न उलटा विचारला पाहिजे. नट वाया गेला की त्याच्यासाठी लिहायचे ज्यांनी नाकारले ते वाया गेले? विनोदी चित्रपट लिहिणे हे आपल्या दर्जाचे काम नाही, अशी हवा साहित्यव्यवहारात ज्यांनी निर्माण केली, त्यांनी हे क्षेत्र घाईगर्दीने लिहिणाऱ्यांच्या हाती सोडून दिले. शेत आपणच पडीक टाकायचे आणि मग पीक हलके आले म्हणून बैलाला बोल लावायचा, असा हा प्रकार आहे.

आता कृतघ्नपणाची गोष्ट, आणि ती विशेषतः महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांची आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद येथील आपल्या अमराठी शेजाऱ्यांना बेर्डे माहीत झाले ते ‘मैंने प्यार किया’ (१९८९), ‘बेटा’ (१९९२), ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) अशा हिंदी चित्रपटांतून. शेवटच्या चित्रपटात माधुरी दीक्षित आणि रेणुका शहाणे या घरच्या लेकी, रीमा लागू त्यांची आई, आणि लक्ष्मीकांत बेर्डे हा घरातला नोकर लल्लू. मराठी रंगभूमीच्या नायकाला हिंदीने नोकर केले, अशी खंत आपल्याकडे अनेकांनी बोलून दाखवली. हिंदी चित्रपट मराठी माणसाला हवालदार, मोलकरीण आणि गडी याच साच्यांत बसवतो, ही तक्रार रास्त आहे आणि ती चित्रपट काढणाऱ्यांकडे केलीच पाहिजे. परंतु पुष्कळांची खंत ती नव्हती. शेजाऱ्यांपुढे आपला माणूस नोकराच्या वेशात दिसला, याची ती लाज होती. संस्कृत नाटकातला विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो. राजाशेजारी बसून तो बाजारातली भाषा वापरतो, हे त्याचे सामर्थ्य आहे. भूमिकेचा दर्जा पात्राच्या वेशावरून ठरवणारा प्रेक्षक नाटक पाहत नसतो, मानापमान पाहत असतो.

आणि याच काळात आपल्या घरांत काय चालले होते? आपली मराठी दोन बाजूंनी आक्रसत होती. वडीलधाऱ्यांची मराठी ग्रंथातली, संध्याकाळच्या व्याख्यानातली. मुलांची मराठी हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा कन्नडच्या वळणाने गेलेली. मध्ये जी असायला हवी ती, भांडणाची, थट्टेची, फजितीची, तोंडातून आपसूक निसटणारी मराठी शिकवायला ना शाळा होती, ना गल्ली. ती आली व्हिडिओ कॅसेटमधून, आणि पुढे १९९९ नंतर खाजगी मराठी वाहिन्यांवरून. उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘बनवाबनवी’ पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या मुलांनी मराठीतून खोटे कसे बोलावे, सारवासारव कशी करावी, चिडवावे कसे, हे तेथून उचलले. ज्या भाषेत मूल विनोद करू शकते ती भाषा त्याची स्वतःची झालेली असते. ज्या भाषेत ते फक्त वक्तृत्व स्पर्धेत बोलते ती वडिलांची असते. आपल्या परिषदांनी आणि वाचनालयांनी भाषा टिकवण्यासाठी जे केले त्याचे मोल मोठेच आहे. पण नातवंडांच्या जिभेवर मराठी खेळती ठेवण्याचे श्रेय मोजायला बसलो तर लक्ष्मीकांत बेर्डे यांचे नाव कित्येक सन्मानित नावांच्या वर लिहावे लागेल. त्याची परतफेड आपण ‘वाया गेला’ या शब्दांनी करतो.

म्हणून यापुढच्या डिसेंबरांसाठी काही मागणे आहे. श्रद्धांजलीच्या भाषणांतून ‘खरा अभिनेता’ आणि ‘विनोदी नट’ ही फारकत बंद व्हावी. आपल्या मंडळांनी एखादे चर्चासत्र विनोदी अभिनयावर घ्यावे. दामुअण्णा मालवणकर, शरद तळवलकर, राजा गोसावी, दादा कोंडके, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या एकेका प्रसंगावर, आपण कवितेच्या एकेका ओळीवर बोलतो तितक्या बारकाईने बोलावे. एकांकिका स्पर्धांतल्या परीक्षकांनी विनोदी प्रयोग बसवणाऱ्या मुलांना ‘पुढच्या वेळी काही गंभीर करा’ हा सल्ला देणे थांबवावे. त्यापेक्षा त्यांचा हशा कोठे हुकला आणि का हुकला, ते सांगावे. आणि ज्यांच्या हाती लेखणी आहे त्यांनी नटासाठी विनोद लिहावा. हातात घेतलेली प्रत्येक संहिता जिवंत करणारा नट दर पिढीत जन्माला येईलच असे नाही. आला तर त्याच्या हाती देण्याजोगे काही आपल्यापाशी असले पाहिजे.

लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याकडे जे होते ते त्यांनी सगळे खर्च केले, हातचे काही राखले नाही. त्यांच्या खात्यावर बाकी निघत नाही. ती निघते साहित्याच्या नावाने सभा भरवणाऱ्यांच्या खात्यावर, आणि ती फेडण्याची सुरुवात ते एक वाक्य मागे घेण्यापासून झाली पाहिजे.